सुखीबाईच्या चालीचा सिग्नल

लोहारा, यवतमाळ
१२ फेब्रुवारी, दुपारचे अडीच

आदरणीय शंकरसिंग भिया यांना,

सेवादास कंडक्टरचा वाकून जय सेवालाल. सुखीबाईचाही जय सेवालाल (ती आत पापड लाटते आहे, पण कान सगळे इकडेच आहेत). तुमचा खोकला बसला का? डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा अजून लागतो, की आता नुसता रुबाबासाठी घालता? म्हैस व्याली असेल तर काय झालं तेही कळवा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. मधला महिना-दीड महिना नव्हतो, आणि तेच सांगायला बसलो आहे. फोनच केला असता, पण तुमच्या तांड्यावर फोन लावला की ती एक बाई तुम्ही क्षेत्राबाहेर आहात असं इतक्या गोड आवाजात सांगते, की तिच्याशी भांडताही येत नाही. म्हणून हे पत्र. भाषा जरा शुद्ध वाटेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. एकतीस वर्षं डेपो मॅनेजरला खुलासे लिहून माझा हात असा वळला आहे, की समोर कोरा कागद आला की तो आपोआप "वरील विषयास अनुसरून" असं लिहू लागतो. बोलताना मी तुमचाच सेवादास आहे, घाटंजी-यवतमाळ गाडीत एकोणीस वर्षं तुमच्या पाठीमागून घंटी मारणारा.

तर दिवाळीनंतर सुखीबाईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही पाठवलेलं तेल डॉक्टरांनी लावू दिलं नाही, ते मी माझ्या पाठीला लावलं, पाठ उत्तम आहे). डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन अर्धं काम, उरलेलं अर्धं व्यायामाचं. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रोज सकाळी आणायचं, तेही ऑटोत नाही, वॉकर धरून चालवत. आणि हे सहा-आठ आठवड्यांत झालं नाही तर गुडघा ताठ तो ताठच राहील. मी म्हटलं, एवढंच ना? दवाखाना आमच्या घरापासून दीडशे पावलांवर. मधे फक्त तेलघाणी चौक.

हा चौक तुम्ही पाहिला आहे, पण आता ओळखणार नाही. एक रस्ता लोहाऱ्याच्या कारखान्यांकडून येतो, एक बसस्टँडकडून, एक भाजीमंडीकडून, आणि चौथी आमची गल्ली. गल्लीसमोर मोठा रस्ता, मधे गुडघाभर उंचीचा दुभाजक, पलीकडे दवाखाना. पूर्वी तिथे बाबाराव हवालदार उभा असायचा. अकरा वर्षं त्यानं तो चौक नुसत्या डाव्या हातावर चालवला. त्यानं हात वर केला की गिट्टीचा ट्रकसुद्धा शाळेतल्या मुलासारखा थांबायचा. म्हातारंकोतारं कोणी कडेला आलं की बाबाराव शिट्टी मारायचा आणि रस्ता दुभंगायचा. मग नोव्हेंबरात चार खांब आले, खांबांवर कॅमेरे आले, कोपऱ्यावर एक लोखंडी कपाट आलं, आणि बाबाराव कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला. नवा सिग्नल म्हणे हुशार आहे. जुने सिग्नल घड्याळावर चालत, समोर कुत्रं नसलं तरी साठ सेकंद हिरवे राहत. हा कॅमेऱ्यातून बघतो, कुठल्या बाजूला किती गाड्या खोळंबल्या आहेत, आणि ज्या बाजूला गर्दी त्या बाजूला जास्त वेळ हिरवा देतो. गर्दी हलली की वेळ आपोआप कमी. ऐकून मला आनंद झाला. मनात आलं, हा तर आपला जातभाई. आपणही थांब्यावर किती माणसं उभी आहेत ते बघूनच गाडी किती वेळ थांबवायची ते ठरवत होतो (वेळापत्रक डेपोत लटकलेलं होतं, त्याला लटकू दिलं).

पहिल्या दिवशी मी पिशवी धरली, सुखीबाईनं वॉकर धरला, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो. पायी चालणाऱ्याचा हिरवा माणूस लागला. सुखीबाईनं वॉकर पुढे टाकला, पाय टाकला, पुन्हा वॉकर, पुन्हा पाय. नऊ सेकंदांत तो हिरवा माणूस लाल झाला. भिया, नऊ सेकंदांत सुखीबाई पदरसुद्धा सावरत नाही. ती कशीबशी दुभाजकाच्या मोकळ्या फटीपर्यंत पोचली. मी घाबरून मागे सरलो, तो इकडच्या काठावरच राहिलो. मग आमच्यामधून ट्रक, ऑटो, मोटारसायकली जाऊ लागल्या. गाड्यांची रांग जितकी वाढे तितका तो हुशार सिग्नल त्यांना आणखी वेळ देई. पायी माणसाची पाळी लवकर येईच ना, आणि आली की नऊ सेकंद. त्या दिवशी सुखीबाई दुभाजकावर पाऊण तास उभी होती. तेवढ्यात तिनं एका बोरं विकणाऱ्या गाडीवाल्याकडून बोरं घेतली, चालत्या स्कूटीवरच्या दोन ओळखीच्या बायकांशी बोलून झालं, आणि एका माणसानं तर पुतळा समजून नमस्कार केला असं ती सांगते (तो मला बावळट वाटला, नमस्कार बहुधा डोळ्यांत गेलेल्या धुळीमुळे असावा).

मी रिकामा बसणारा माणूस नाही. विचार केला, याला फक्त गाड्या दिसतात ना? मग आपण गाडी होऊ. आपली जुनी एम-एटी दुचाकी भंगारात गेली, पण तिची नंबरप्लेट मी ठेवली होती. ती सुतळीनं वॉकरला बांधली, पुढे लाल रिफ्लेक्टर लावला, आणि बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. सुखीबाई म्हणाली की तिला लाज वाटते. मी म्हटलं, लाज गुडघ्यापेक्षा मोठी आहे का? असे आम्ही निघालो, मी भोंगा वाजवत. सिग्नलला आमची दखल घ्यावीशी वाटली नाही, पण बाबाराव, नोव्हेंबरात बसला तेव्हापासून प्रथमच, खुर्चीवरून इतक्या चपळाईनं उठला. सलाम ठोकून त्यानं विचारलं, "काकू, गाडीचं लायसन दाखवा."

सुखीबाई म्हणाली, "लायसन त्यायच्यापाशी आहे जी. मी तं मांगं बसून राह्यली."

सगळा चौक हसला, मीही हसलो. त्या दिवशी बाबारावनं आम्हाला स्वतः पलीकडे पोचवलं. पण मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, मले आता रस्त्यावर उतराची ऑर्डर नाई. मी हात दाखवला का मशीनचं गणित बिघडते म्हंतात. रोज नाई जमणार." अकरा वर्षं ज्याच्या हातावर चौक चालला त्याला हात खिशात ठेवायला सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्यानं तो खरोखरच खिशात घातला.

आता हसण्यासारखं नाही ते सांगतो. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. सुखीबाई दुभाजक ओलांडून पलीकडच्या अर्ध्यात होती आणि हिरवा माणूस विझला. एक टेम्पो सुटला. त्याला ती दिसली, त्यानं ब्रेक लावला, टायर किंचाळले. टेम्पो तिला लागला नाही, हातभर अंतर होतं. पण त्या आवाजानं तिचा तोल गेला आणि ती रस्त्यावर बसली. कोपर खरचटलं, बांगड्या फुटल्या, गुडघ्याला काही झालं नाही. लोक धावले, टेम्पोवाला स्वतः उतरून हात जोडत होता, त्याची चूक नव्हती. घरी आल्यावर तिनं वॉकर दाराच्या मागे ठेवला आणि त्याला कांद्याची पिशवी लटकवली. मला म्हणाली, "आता मी नाई जात. ताठ तं ताठ. ताठ पायानं बी माणूस जगते." मी समजावलं, सूनबाई ममतानं समजावलं, डॉक्टरांचा फोन आला. ती ऐकेना. आठ दिवस गेले. ती पाटावर बसेना, खुर्चीवर पाय लांब करून बसायची आणि खिडकीतून चौकाकडे बघायची. तुम्ही तिला ओळखता. पाचशे माणसांच्या लग्नात वाढपाला उभी राहणारी बाई दीडशे पावलांच्या रस्त्याला घाबरली होती, आणि ते तिला स्वतःलाच सहन होत नव्हतं.

नवव्या दिवशी मी चौकात गेलो. ते लोखंडी कपाट उघडं होतं आणि आत डोकं घालून एक पोरगी मांडीवरच्या कॉम्प्युटरवर काही करत होती. मी ओरडायला सुरुवात केली. भिया, मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही (सुखीबाई पापड लाटताना थांबली आहे). पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, ओरडा, पण उन्हातून बाजूले या. चक्कर येईन तुमाले." ती अर्पिता. राळेगावची. पुण्याला शिकली, आणि ज्या कंपनीनं हे सिग्नल बसवले तिच्यात इंजिनीअर आहे. तिनं मला कपाटाच्या सावलीत बसवून पडद्यावर चौक दाखवला. प्रत्येक गाडीभोवती हिरवी चौकट आणि वर आकडा. कडेला सात-आठ माणसं उभी होती, त्यांच्याभोवती काहीच नव्हतं. मी विचारलं, ही माणसं? ती म्हणाली, "त्यायची मोजणी चालू नाई. पायी माणसाले ठरवलेले नऊ सेकंद. पुण्यातल्या सरांनी बसवले तवाचेच आहेत." मग तिनंच मला विचारलं, मोजता येतं का? यंत्र बरोबर मोजतं की नाही हे ताडून बघायला तिला रोज सकाळी दोन तास हातानं मोजणारा माणूस हवा होता, आणि जो पोरगा ठेवला होता तो मोबाईल बघत बसायचा. मी हसलो. साठ माणसांच्या गाडीत नव्वद भरून, दार लागायच्या आत किती चढले ते सांगणाऱ्या माणसाला मोजता येतं का!

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. तिच्या कागदावर रकाने होते दुचाकी, तीनचाकी, चारचाकी, जड वाहन. मी लिहिलं, ऑटो एक, माणसं तेरा. ती म्हणाली, माणसं नका लिहू, गाड्या लिहा. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षांत मी गाडी कधी मोजली नाही, गाडी एकच असायची, मोजायची ती माणसंच. शेवटी तिनं कागदाच्या कडेला मला एक रकाना आखून दिला, जसा रडणाऱ्या पोराला देतात. यंत्राच्या चुका मात्र आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ पकडल्या. कापसानं भरलेल्या ट्रॉलीला ते बस समजे. बैलगाडीला दोन मोटारसायकली. एका सकाळी मंडीच्या रस्त्यावर पाच गाई थांब्याच्या रेषेवर बसल्या. यंत्राला वाटलं पाच गाड्या खोळंबल्या आहेत, त्यानं हिरवा दिला. गाई हलल्या नाहीत. यंत्राला वाटलं अजून वेळ हवा, त्यानं अजून दिला. गाई रवंथ करत हिरव्याकडे बघत होत्या आणि तिकडे लोहाऱ्याच्या बाजूला कारखान्यापर्यंत रांग लागली. अर्पिता कपाटात बटणं दाबत होती आणि मी गाईंना सांगत होतो की ताई, तुमची पाळी आहे, निघा. शेवटी बाबाराव उठला, खिशातून हात काढला, आणि पाची गाई नेल्या. त्या दिवशी अर्पितानं पुण्याला लिहिलं की हवालदार साहेबांना चौकात उतरू द्या, नाहीतर गाईंचं सॉफ्टवेअर पाठवा. ऑटोवाल्यांना हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चार रिकामे ऑटो रेषेवर नेऊन उभे केले, हिरवा ओढून आणायला. त्यांना मी कंडक्टरच्या आवाजात पुढे सरकवलं. तो आवाज अजून शाबूत आहे, घसा मात्र दोन दिवस बसला.

घरी आलो की सुखीबाई विचारायची, आज किती मोजले? मी सांगायचो, इतक्या मोटारसायकली, इतके ट्रक, आणि माझ्या कडेच्या रकान्यात इतकी माणसं रस्ता पार झाली, इतकी मधे अडकली. ती ऐकून घ्यायची. एके दिवशी तिनं खिडकीकडे बघत विचारलं, "अन् जे काठावर येतात, पाह्यतात, अन् वापस जातात, ते कोन मोजते?"

भिया, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी तिथे रोज बसत होतो. एक म्हातारा डबा घेऊन यायचा, दोनदा पाय पुढे करून मागे घ्यायचा आणि वळायचा. एक बाई कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन उभी राहायची, मग लांबच्या पुलाकडे जायची. मी त्यांना बघितलं होतं, पण ते चढले नाहीत आणि उतरलेही नाहीत, म्हणून मोजले नव्हते. गाडीत न चढलेला माणूस कंडक्टरच्या हिशोबात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फक्त तेवढेच मोजले. दोन तासांत एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी अडतीस. असे सहा दिवस. प्रत्येकापुढे जमेल तसं लिहिलं, म्हातारी काठीवाली, बाई व पोर, माणूस व भाजीचं ओझं, शाळेची मुलगी व आंधळा आजा. सहाव्या दिवशी कागद अर्पितापुढे ठेवला. तिनं तो वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. नंतर हळूच म्हणाली की यंत्रात पायी माणूस ओळखायची सोय आहे, पण चालू केलेली नाही, कारण कोणी मागितलीच नाही. तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडून सर म्हणत होते की पायी माणसाला वेळ दिला तर गाड्यांची रांग वाढेल, अहवाल बिघडेल. अर्पितानं आवाज न चढवता सांगितलं, "सर, रस्ता गाड्यायसाठी मोकळा झाला, कारण लोकायनं चालनं बंद केलं. तुमचा अहवाल चांगला आहे, पण खरा नाई." मग तिनं माझे एकेचाळीस वाचून दाखवले, एकेक. शेवटी एका आठवड्याची चाचणी मिळाली.

संध्याकाळी अर्पिता आमच्या घरी आली. सुखीबाईला म्हणाली की तिचं चालणं मोजायचं आहे. सुखीबाईनं कायले म्हणून विचारलं. अर्पितानं सांगितलं, "मावशी, माझ्या चालीनं सिग्नल लावला तं मीच पार होईन. तुमच्या चालीनं लावला तं सगळे होतीन." सुखीबाईनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मग ती स्वतः उठली, कांद्याची पिशवी काढली, वॉकर घेतला आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. तीनदा. तिसऱ्या वेळी मुद्दाम जरा जलद गेली, अर्पितानं ते ओळखलं आणि म्हणाली की खोटं नाही चालणार. रस्त्याच्या रुंदीला एकतीस सेकंद निघाले. पण अर्पिता म्हणाली, नुसता आकडा बसवायचा नाही. कॅमेरा माणूस रस्त्यात आहे तोवर बघत राहील, आणि तो पोचेपर्यंत गाड्यांना लालच ठेवील.

चाचणीच्या सकाळी बाबारावनं युनिफॉर्मला इस्त्री केली होती. सुखीबाईनं नवं लुगडं नेसलं (तिचं म्हणणं, जुनं धुवायला होतं). आम्ही काठावर उभे राहिलो. अर्पिता कपाटाशी. डबेवाला म्हाताराही होता, कडेवर पोर असलेली बाई होती, आणखी चारपाच जण. हिरवा माणूस लागला. सुखीबाई हलली नाही. मी तिच्या हातावर हात ठेवणार होतो, पण ठेवला नाही. तीन सेकंद गेले, चार गेले. मग तिनं वॉकर पुढे टाकला.

नऊ झाले. हिरवा माणूस तसाच होता. दुभाजक आला, वीस झाले. डबेवाला म्हातारा तिच्या पलीकडून चालत होता, तिच्याच चालीनं. दुभाजकापुढे गेल्यावर एका मोटारसायकलवाल्यानं पट्ट्यावर चाक पुढे सरकवलं. सुखीबाई थांबली. रस्त्याच्या मधोमध, चारी बाजूंनी गाड्या उभ्या, आणि ती त्याला म्हणाली, "काहून रे बाप्पा, घरी आई नाई का तुले?" त्यानं चाक मागे घेतलं. ती पुन्हा निघाली. मी सेकंद मोजत होतो आणि माझ्या तोंडातून आकडे मोठ्यानं येत होते हे मला नंतर कळलं, कारण तीसनंतर बाबारावही माझ्याबरोबर मोजत होता, आणि मग एक ऑटोवालाही. अडतिसाव्याला तिनं पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला. त्यानंतर सिग्नल बदलला. आधी नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डबेवाला म्हातारा डबा घेऊन दवाखान्यात गेला, त्याची बायको तिथे भरती होती असं नंतर कळलं. अर्पिता कपाटाचं दार लावून त्याच्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. आठवड्याभरात काठावरून परत जाणारे चारवर आले. गाड्यांचं थांबणं सरासरी पाच सेकंदांनी वाढलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुण्याच्या सरांनी लेखी कळवलं की ही सोय तेलघाणी चौकात कायम ठेवावी आणि गावातल्या दुसऱ्या चौकांतही बघावी. बाबारावला सकाळच्या दोन तासांसाठी चौकात उतरायची परवानगी मिळाली. कागदावर कारण लिहिलं आहे, जनावरांचे व्यवस्थापन. तो कागद त्यानं खिशात ठेवला आहे आणि विचारेल त्याला दाखवतो. सुखीबाई आता रोज जाते, बहुतेक वेळा एकटी. गुडघा काटकोनाच्याही पुढे वाकतो. परवा ती पाटावर बसली, तेव्हा ममतानं फोटो काढला, तो वेगळा पाठवतो.

सगळं ठीक झालं असं म्हणत नाही. गाईंचं अजून त्या यंत्राला कळत नाही, आणि धुकं असलं की ते कडुनिंबालाच पायी माणूस समजून थांबतं. पण शिकत आहे. मीही शिकत आहे. बाकी सर्व क्षेम. तांड्यातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सेवादास

ता. क. १. एक लिहायचं राहिलं. घाटंजीला बाजाराच्या दिवशी त्या तीन रस्त्यांच्या तोंडाशी किती गाड्या, किती पायी माणसं, किती टोपल्या, याची मोजणी करायची आहे. अर्पिताला तिथला रस्ता ओळखणारा माणूस हवा. सत्तावीस वर्षं बाजारातून एस.टी. काढून एकाही बाईच्या टोपलीला चाक न लावणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्यानं मोजायचं नाही, नुसतं खुर्चीवर बसून सांगायचं की कुठून काय येतं. मोजेन मी.

ता. क. २. तुम्ही नाही म्हणाल, डोळा सांगाल, खोकला सांगाल. वहिनी गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही बाजाराच्या रस्त्याला लागला नाहीत हे तुमच्या तांड्यातला भावसिंग मला सांगतो, तो नाही सांगत असं समजू नका. जोर नाही. विचार करून कळवा.

ता. क. ३. (सुखीबाई सांगते, ममता लिहिते.) भिया, राम राम. विचार करून कळवा हे यायनं खोटंच लिहिलं. तुमचं नाव त्यायनं पंधरा दिवसाआधीच देऊन टाकलं. कागदावर टाईप बी झालं. अन् पत्रात माझ्या भेवाचं लई लिहिलं, पन मी पडली त्या दिवशी रस्त्यात बसून रडत होते ते हे होते, मी नाई. माझा वॉकर मले द्याचा सोडून बाबारावले देला. (मामंजी म्हणतात हे लिहू नको, पण आई म्हणतात लिही.) त्यायले तुमच्याबिगर मोजाले करमत नाई, रोज म्हंतात, शंकरसिंग असते तं असं म्हनले असते. तं आमी तिघं, हे, मी अन् ती पोरगी अर्पिता, बाजाराच्या दिवशी सकाळच्या पयल्या गाडीनं येऊन राह्यलो. मी चालत येतो तांड्यावर, फाट्यावर कोनाले पाठवू नका. पिठलं मी आनतो, भाकरी ममता बांधून देईन. तुमी फक्त दाढी करून ठेवजा.